सीलबंद प्रभुभोजन कप: कोणत्या मंडळीला चालेल, कोणाला चालणार नाही

ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला प्रभुभोजन म्हणतात. त्यासाठीचा हा जेमतेम दीड इंच उंचीचा प्लास्टिकचा कप. आत घोटभर द्राक्षरस, त्यावर फॉइलचे झाकण, झाकणावर एक छोटी पातळ भाकर आणि सगळ्यात वर पारदर्शक पापुद्रा. २०२०च्या साथीत एकाच प्याल्याला ओठ लावणे बंद झाले तेव्हा या कपांचा वापर भराभर वाढला. साथ सरली तरी अनेक मंडळ्यांनी ते सोडलेले नाहीत. जाहिरातीत पुष्कळदा लिहिलेले असते, ‘सर्व चर्चसाठी उपयुक्त’. ते खरे नाही, आणि का खरे नाही हे कपाच्या दर्जावरून कळत नाही. त्यासाठी विकत घेणारी मंडळी तारणाविषयी, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेविषयी, काय मानते ते पाहावे लागते.

निकाल आधीच सांगतो. प्रभुभोजन हे ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण आहे आणि तारण विश्वासाने मिळते, विधीने नाही, असे शिकवणाऱ्या बहुतेक मंडळ्यांना हा कप चालतो. रुग्णालयात, तुरुंगात, मैदानावरच्या सभेत तर तो फारच सोयीचा. संस्कारातून, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा विधींतून, प्रत्यक्ष कृपा मिळते असे मानणाऱ्या चर्चमध्ये मात्र आतली भाकर कशाची आणि रस कसला हा तारणाशी जोडलेला प्रश्न होतो. तिथे बाजारातले बहुतेक कप बसत नाहीत. लूथरन आणि अँग्लिकन मंडळ्यांना लेबल वाचून ठरवावे लागेल.

वस्तू म्हणून

कपात साधारण ५ ते ८ मिलिलिटर रस असतो. उघडताना कप मांडीवरच्या पुस्तकासारख्या सपाट जागी सरळ ठेवावा आणि बुडाशी दोन बोटांनी धरावा. मधोमध दाबून धरला तर फॉइल सुटताक्षणी रस उसळतो, आणि द्राक्षरसाचा डाग पांढऱ्या कपड्यावरून सहज निघत नाही. आधी पारदर्शक पापुद्र्याचे टोक पकडून तो आडवा, सपाट ओढायचा आणि भाकर काढून घ्यायची. फॉइलला नंतर हात लावायचा.

सर्वांत मोठा दोष इथेच आहे. स्वस्त बनावटीत दोन्ही थरांची टोके एकावर एक येतात. ओढायला गेले की दोन्ही एकदम निघतात आणि भाकर रसात किंवा जमिनीवर पडते. घेण्यापूर्वी एवढे नक्की पाहा की टोके वेगवेगळ्या दिशांना आहेत, किंवा एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लांब आहे. दुसऱ्या एका घडणीत भाकर कपाच्या बुडाशी वेगळ्या कप्प्यात असते. कप उलटा करून आधी भाकर काढायची, मग सुलटा करून रस. तिच्यात दोन्ही थर एकत्र सुटण्याचा धोका नाही, पण नवख्या माणसाला भाकर सापडत नाही, म्हणून आधी दाखवावे लागते. संधिवात असलेल्या हातांना दोन्ही घडणी जड जातात. मोठी ऑर्डर देण्याआधी एक लहान खोका मागवा आणि मंडळीतल्या सर्वांत वयस्कर चार-पाच जणांच्या हातात देऊन बघा. त्यांना उघडता आला तर सर्वांना येईल.

आवाजाचाही विचार करावा. दोनशे पापुद्रे एकाच वेळी सोलले गेले तर पाळक बोलत असलेले ख्रिस्ताचे शब्द त्यात बुडतात. शब्द उच्चारण्याआधी, गीत चालू असतानाच, ‘वरचा पापुद्रा आता सोडवून ठेवा’ असे सांगावे. फॉइल मात्र त्या क्षणापर्यंत तशीच राहू द्यावी.

साठवण थंड, कोरड्या जागी. उन्हात किंवा गरम खोलीत ठेवला तर रस तपकिरी पडतो, दमट जागी भाकर मऊ होऊन चिवट लागते. फ्रीझरमध्ये ठेवू नये, रस गोठताना फुगतो आणि फॉइलचा जोड सुटतो. वापरण्याची मुदत अनेकदा फक्त खोक्यावर असते, कपांवर नसते. कप दुसऱ्या डब्यात काढलेत तर त्या डब्यावर तारीख लिहा. चवीबद्दल सांगायचे तर भाकर कागदासारखी सपक आणि रस गोड असतो. ताज्या भाकरीची सर त्याला नाही.

लेबलवर तीन गोष्टी शोधा. भाकर फक्त गहू आणि पाण्याची आहे की तांदूळ, बटाटा यांच्या स्टार्चची? रस निव्वळ द्राक्षाचा आहे की त्यात साखर, रंग, सायट्रिक आम्ल मिसळले आहे? आणि तो आंबवलेला, म्हणजे खरा द्राक्षारस आहे का? पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर ठरतो.

कॅथलिक चर्चमध्ये कप का बसत नाही

१५४७ साली ट्रेंटच्या महासभेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, सात संस्कार ठामपणे मांडले: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (म्हणजेच प्रभुभोजन), प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, याजकीय दीक्षा आणि विवाह. त्याच सत्रात असेही ठरले की संस्कार जी कृपा दर्शवतात ती देतातही, आणि ती विधी घडल्यानेच मिळते, घेणाऱ्याने आडकाठी घातली नाही तर. संस्कार तारणासाठी आवश्यक आहेत, जरी प्रत्येक संस्कार प्रत्येकासाठी नसला तरी. धर्मगुरू किती पवित्र आहे यावर कृपा अवलंबून नाही, कारण संस्कारात खरा कर्ता ख्रिस्त आहे. श्रद्धावंताला यातून मोठा दिलासा मिळतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की विधीतली वस्तू, शब्द आणि हेतू अचूक असावे लागतात. वस्तूच चुकीची असेल तर संस्कार घडलाच नाही.

चर्चच्या कायद्याचा ९२४वा नियम सांगतो की भाकर निव्वळ गव्हाची आणि अलीकडे केलेली हवी. द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षाचाच आणि न बिघडलेला हवा. म्हणून स्टार्चची ग्लूटेनमुक्त (गव्हातले चिकट प्रथिन नसलेली) भाकर ग्राह्य नाही. अगदी कमी ग्लूटेन असलेली, पण भाकर बनण्याइतका गव्हाचा अंश राखलेली चालते. २०१७ साली रोमने बिशपांना पाठवलेल्या पत्रात हेच पुन्हा सांगितले. ज्याला मद्य अजिबात घेता येत नाही त्याच्यासाठी ताजा किंवा गोठवून राखलेला, स्वभाव न बदललेला द्राक्षरस परवानगीने वापरता येतो. कपातला रस मात्र सहसा उष्णता देऊन टिकवलेला आणि अर्कात पाणी घालून परत तयार केलेला असतो. तो या सवलतीत बसत नाही.

समजा, एखाद्याने गव्हाची भाकर आणि खरा द्राक्षारस भरलेला कप आणला. तरी काम होत नाही. २००४ च्या रोमच्या सूचनांप्रमाणे पात्रे मौल्यवान किंवा त्या जागी खरोखर सन्मानाची मानली जाणारी हवीत, सहज फुटणारी किंवा खराब होणारी नकोत. त्याच सूचनांप्रमाणे भाविकाने ख्रिस्तप्रसाद स्वतःच्या हाताने उचलून घ्यायचा नसतो, तो त्याला दिला जातो. सीलबंद कपाची सगळी रचना मात्र ‘स्वतः उघडा, स्वतः घ्या’ अशी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न उरतो तो नंतरचा. अर्पणप्रार्थनेनंतर भाकरीचे आणि द्राक्षारसाचे तत्त्वच बदलून ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते, बाहेरचे रूप तेवढे राहते, अशी ही श्रद्धा आहे. म्हणून ताटलीवरचा कणही बोटाने टिपला जातो, प्याला पाण्याने धुऊन ते पाणी प्यायले जाते. पापुद्र्याला चिकटलेले कण आणि बुडाशी राहिलेले थेंब असलेले दोनशे कप या रीतीने शुद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकणे कॅथलिक भाविकाला हादरवून टाकणारे आहे. या श्रद्धेशी सहमत नसलेल्यानेही तिचा मान राखून हे समजून घ्यायला हवे.

शिवाय कॅथलिकांना या कपाची गरजही पडत नाही. एकट्या भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त आहे, अशी शिकवण असल्याने संसर्गाची भीती असेल तेव्हा प्याला थांबवून फक्त भाकर देता येते आणि कोणाचेही काही कमी होत नाही. ही साधी वाटणारी गोष्ट इतिहासात साधी नव्हती. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या महासभेने सर्वसामान्यांना प्याला देण्यास मनाई केली, आणि बोहेमियातल्या हुसाइटांनी, म्हणजे यान हुसच्या अनुयायांनी, प्याला हीच आपली खूण करून पुढे युद्धे लढली.

ग्लूटेनचा त्रास असलेल्या भाविकासाठी खरेदी करायचीच तर कमी ग्लूटेनची भाकर आणि तिच्यासाठी झाकणाची वेगळी डबी घ्या. ती इतर भाकरींच्या ताटलीत मिसळू देऊ नका. तेवढेही सोसत नसेल तर त्या व्यक्तीसाठी वेगळा प्याला ठेवावा. धर्मगुरूच्या मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा घातलेला असतो, त्यामुळे तो प्याला चालत नाही. ही चूक पुष्कळदा होते.

पूर्वेकडची चर्चे

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कपाचा प्रश्न भाकरीपाशीच संपतो. तिथे भाकर फुगवलेली, खमिराची लागते. कपात बेखमीर असते. भाकर कोणती असावी हा पूर्व-पश्चिमेतल्या १०५४ च्या फुटीतला एक मोठा वाद होता. बायझंटाइन रीतीत शिक्का उमटवलेल्या पावातून मधला चौकोन कापून घेतात, प्याल्यातल्या द्राक्षारसात शेवटी गरम पाणी घालतात, आणि दोन्ही एकत्र करून एकाच चमच्याने सर्वांना देतात. त्यात तान्ही बाळेही आली, कारण बाप्तिस्मा, तैलाभ्यंग आणि पहिला प्रसाद बाळाला एकत्रच मिळतो. तारण म्हणजे एका क्षणी लागलेला निवाडा नव्हे, तर देवाच्या जीवनात आयुष्यभर सामील होत जाणे, अशी तिथली समज आहे. ज्याला अजून बोलता येत नाही त्यालाही मग या जीवनापासून दूर ठेवण्याचे कारण उरत नाही.

पूर्वेकडचे सगळे एकसारखे नाहीत. आर्मेनियन चर्च बेखमीर भाकर आणि पाणी न मिसळलेला द्राक्षारस वापरते. असिरियन चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले जाणारे पवित्र खमीर भाकरीत घालतात, आणि त्यांच्या एका प्राचीन प्रार्थनेत ‘हे माझे शरीर आहे’ हे वचन सलग येत नाही. तरीही २००१ मध्ये रोमने ती प्रार्थना वैध मानली. या चर्चांपैकी कोणालाही कप विकायला जाऊ नये.

लूथरन आणि अँग्लिकन: लेबल वाचून

१५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले. पंधराव्यावर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर भाकरीत खरोखर हजर आहे का यावर, ते तुटले. लूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ असे लिहून ठेवले होते आणि त्या शब्दांवरून तो हलला नाही. लूथरन शिकवण तत्त्व बदलण्याची भाषा टाळते. भाकर भाकरच राहते, पण तिच्यात, तिच्यासह आणि तिच्याखाली ख्रिस्ताचे खरे शरीर दिले जाते. माणूस नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, आणि त्या विश्वासाला पापक्षमेचे वचन हातात मिळते ते बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांतून. लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्मा पापांची क्षमा आणि सार्वकालिक तारण देतो, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे केवळ विश्वासाने तारण मानणारे सगळेच संस्काराला खूण समजतात, असे नाही. कप विकणारे सगळ्या प्रॉटेस्टंटांना एकाच रांगेत बसवतात, ते इथे चुकते.

त्यामुळे लूथरन मंडळीने आत खरा द्राक्षारस आहे का ते पाहावे. तसे कपही मिळतात. काही लूथरन मंडळ्या रस चालवून घेतात, पण हा निर्णय पाळकांनी विचारपूर्वक घ्यावा. गोदामात जे शिल्लक आहे त्यावरून तो होऊ नये. नेमून दिलेल्या वापराबाहेर संस्कार नाही, असे १५७७ च्या त्यांच्या एकमतपत्रात आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: जितके लोक तितकेच कप मोजून वेदीवर ठेवावेत. मागच्या खोलीतले न उघडलेले खोके पाळकाने उच्चारलेल्या ख्रिस्ताच्या शब्दांखाली आले असे समजू नये. वेदीवरचे उरलेले तिथेच संपवावेत, पुढच्या रविवारच्या साठ्यात मिसळू नयेत.

अँग्लिकनांकडे नियम बरेच स्पष्ट आहेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांत भाकर उत्तम, शुद्ध गव्हाच्या पिठाची हवी, खमीर असो वा नसो. द्राक्षारस आंबवलेला हवा. म्हणजे स्टार्चची भाकर आणि साधा रस दोन्ही बाद. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात उरलेल्याबद्दलची सूचना तर आजही कामाची आहे. अर्पण न झालेले उरले तर ते पाळकाने स्वतःसाठी न्यावे. अर्पण झालेले चर्चबाहेर न्यायचे नाही, तिथेच श्रद्धेने खाऊन-पिऊन संपवायचे. अँग्लिकन श्रद्धेच्या ३९ कलमांत तत्त्वबदलाची शिकवण नाकारली आहे आणि सुवार्तेतले संस्कार दोनच मानले आहेत. पण आजच्या अँग्लिकन मंडळीत कॅथलिक वळणाचे आणि सुवार्तावादी वळणाचे लोक शेजारी शेजारी बसतात. एकाला कप सोयीचा वाटेल, दुसऱ्याला अपमानकारक. बिशपांना विचारल्याशिवाय खोका मागवू नये.

जिथे कप चालतो, आणि चालता चालता अडतो

कॅल्विनच्या परंपरेतली रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन चर्चे मधली वाट धरतात. भाकर बदलत नाही, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताने पोसला जातो. कृपा वस्तूत साठवलेली नसते, देव ती आपल्या इच्छेने देतो. १६४६ ची वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली बाप्तिस्म्याबद्दल सांगते की तो तुच्छ लेखणे मोठे पाप आहे, तरी त्याच्याविना कोणी तरूच शकत नाही किंवा तो घेतलेला प्रत्येक जण तरलाच असे नाही. अशा ठिकाणी रसाची टिकाऊ प्रक्रिया हा आडवा येणारा मुद्दा नाही. आडवे येते ते भाकर मोडणे. सर्वांसमोर भाकर हातात घेऊन मोडणे हा विधीचा भाग आहे, आणि कारखान्यात आधीच गोल कापलेली भाकर मोडायला काही ठेवत नाही. कप वापरायचेच असतील तर टेबलावर एक संपूर्ण भाकर ठेवून ती शब्दांबरोबर मोडावी.

मेथडिस्टांना रसाची सवय जुनी आहे. १८६९ साली अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थांनी द्राक्षरस उष्णता देऊन न आंबू देण्याची रीत प्रभुभोजनासाठीच वापरली. आजच्या सीलबंद कपाचा पूर्वज तो रस. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या मते प्रभुभोजन विश्वास दृढ करते, शिवाय विश्वास जागाही करू शकते. म्हणून त्यांचे टेबल पुष्कळ मोकळे असते, आणि रस्त्यावरच्या उपासनेत आयत्या वेळी आलेल्यासाठी कप हाताशी असणे खरोखर उपयोगी पडते.

बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये कप सर्वांत सहज बसतो. त्या संस्कार न म्हणता दोन विधी मानतात, ख्रिस्ताने आज्ञा केली म्हणून. तारण आधी झालेले, विधी त्याची साक्ष. वस्तू बिघडली तर तारण बिघडत नाही. तरी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातील आत्मपरीक्षणाची ताकीद तिथे फार गंभीरपणे घेतली जाते. दारात कप वाटून ‘हवे तेव्हा घ्या’ म्हणणे या मंडळ्यांच्या स्वतःच्या शिकवणीलाच सोडून आहे. कप आत आल्यावर, परीक्षणाला वेळ देऊन, सर्वांनी एकत्र घ्यावा.

ब्रदरन सभांमध्ये मात्र स्मरणाचीच शिकवण असूनही कप अनेकांना नको असतो. दर रविवारी एकच भाकर सर्वांमधून फिरते, कारण ‘भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर’ हे वचन त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसायला हवे असते. प्रत्येकाच्या हातात वेगळे पाकीट हे त्यांच्यासाठी त्या वचनाच्या अगदी उलट आहे. मला हा आक्षेप इतर मंडळ्यांनीही ऐकण्यासारखा वाटतो.

ॲडव्हेंटिस्ट भाकर बेखमीर आणि रस न आंबवलेला घेतात, त्यामुळे वस्तू जुळते. पण त्यांच्या रीतीत आधी एकमेकांचे पाय धुतात, आणि हा भाग कोणत्याही खोक्यात येत नाही. साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर बाह्य विधी पाळतच नाहीत. त्यांना या साहित्याची गरज नाही, आणि त्यामुळे त्यांचा विश्वास अर्धवट आहे असे समजू नये.

निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र येतात अशा शिबिरांत सीलबंद कप ‘कोणाचाच नाही म्हणून सर्वांचा’ समजून वाटले जातात. हे टाळावे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्चने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड महासंघ त्याला जोडले गेले. तारण कृपेने, ख्रिस्तामुळे, विश्वासातून, यावर इतकी जवळीक होऊनही टेबल एक झालेले नाही, कारण अर्पण कोण करू शकतो आणि भाकरीचे काय होते हे प्रश्न तसेच आहेत. जे कुठल्याही जाहीरनाम्याला साधले नाही ते पाकिटाला साधणार नाही. शिबिरात प्रार्थना, वचन, गीत एकत्र करावे आणि प्रभुभोजन ज्याचे त्याने आपल्या वेदीवर.

ज्यांना कप चालतो त्यांनाही दर रविवारसाठी मी जुना ट्रेच सुचवेन. ४० पेल्यांचा ट्रे, धुऊन पुन्हा वापरता येणारे काचेचे पेले, प्रत्येक पेला दोन-तृतीयांश भरलेला. काठोकाठ भरला तर हातोहात फिरताना सांडतो. भरायला वेळ लागतो, पण दर आठवड्याला पोतेभर प्लास्टिक निघत नाही. सीलबंद कप आजारी, प्रवासी आणि मैदानी सभांसाठी राखून ठेवावेत.

त्याच विक्रेत्याकडचा बाप्तिस्म्याचा हौद

कपांबरोबर बहुधा हलवता येणारा हौदही विकायला असतो. तिथे तर पंथांमधला फरक आणखी थेट आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन बाळांना बाप्तिस्मा देतात. ऑर्थोडॉक्स तीनदा बुडवतात, बाकीचे बहुधा पाणी ओततात. त्यांना हौद लागत नाही, कुंड पुरते. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल कबुली देऊ शकणाऱ्यालाच बुडवतात. चर्चेस ऑफ ख्राइस्ट मंडळ्याही बुडवतात, पण बॅप्टिस्टांसारखे साक्ष म्हणून नव्हे. त्यांच्या मते पापांची क्षमा त्या पाण्यातच मिळते, म्हणून तिथे बाप्तिस्मा पुढच्या महिन्यावर ढकलत नाहीत. अशा मंडळीने नेहमी भरलेला किंवा तासा-दोन तासांत भरणारा हौदच घ्यावा.

माणसाला मागे झोपवून बुडवायचे असल्याने आतली लांबी सहा फुटांच्या आसपास आणि पाणी कमरेएवढे हवे. त्यात साधारण १,२०० लिटर पाणी बसते, म्हणजे पाण्याचेच वजन १,२०० किलो. वरच्या मजल्यावरच्या किंवा लाकडी जमिनीच्या सभागृहात अभियंत्याला विचारल्याशिवाय तो भरू नये. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या नळीने तो भरायला ८० मिनिटे लागतात. ३ किलोवॅटच्या हीटरने एवढे पाणी १० अंशांनी तापायला साडेचार तासांहून जास्त जातात, त्यामुळे उपासनेच्या आदल्या रात्रीच सुरुवात करावी लागते. कोणीही पाण्यात उतरण्याआधी हीटरची पिन काढलेली असावी, आणि पाण्यात उभे राहून वायरचा माइक कधीही हातात घेऊ नये. त्याने पाळकाचा जीव गेल्याची घटना घडलेली आहे.

शब्दांकडे तितकेच लक्ष हवे. पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक आणि बहुतेक जुनी प्रॉटेस्टंट चर्चे एकमेकांचा मानतात. फक्त येशूच्या नावाने देणाऱ्या एकत्ववादी पेंटेकॉस्टलांचा कॅथलिक चर्च मानत नाही. २०२० साली रोमने स्पष्ट केले की ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही’ म्हटले तर बाप्तिस्मा वैध होत नाही. बॅप्टिस्टांच्या अनेक मंडळ्या बाळपणी पाणी ओतलेल्याला पुन्हा बुडवतात. म्हणून प्रमाणपत्रावर फक्त तारीख आणि सही न ठेवता पाणी ओतले की बुडवले, कोणत्या नावाने आणि कोणी दिला, हे लिहून द्या. सभासद पुढे दुसऱ्या मंडळीत गेला की तिथे पहिल्यांदा हेच विचारतात, आणि तोवर साक्षीदार सापडतीलच असे नाही.